वीस मिनिटांवरचा मुलगा

शेवगावात परतल्यापासून एकच प्रश्न मला शंभर जणांनी विचारलाय. ‘बाई, तिकडं काय काय बघितलं, काय काय खाल्लं?’ भाजीवाली विचारते, बँकेतला शिपाई विचारतो, चर्चमधली रविवारची उपासना संपली की मंडळीतल्या बाया घोळका करून विचारतात. मी सगळ्यांना लिस्बनमधल्या एका शनिवारची हकिगत सांगते आणि चांगली रंगवून सांगते. सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली आहेत, गोष्ट कशी सांगायची ते मला कुणी शिकवायला नको. फक्त त्या दिवसाचा शेवट मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मुलगा पाच वर्षांपासून तिकडे आहे. सुप्याला कारखान्यात होता तेव्हा दर रविवारी जेवायला घरी यायचा. हे वारले, आणि वर्षाच्या आत त्याला परदेशातली नोकरी लागली. यंदा त्यानेच हट्ट करून मला सहा आठवड्यांसाठी बोलावून घेतलं. मी बाजरीचं पीठ, कुरडया, शेंगदाण्याची चटणी असा सगळा संसार बॅगेत कोंबून गेले.

आमच्या घरात एक रीत आहे, माझ्या सासऱ्यांच्या आधीपासूनची. सगळे बसल्याशिवाय कुणी घास तोडायचा नाही. घरातलं मोठं माणूस डोळे मिटून अन्नावर आशीर्वाद मागतं, सगळे ‘आमेन’ म्हणतात, मग जेवण. हा लहानपणी एक डोळा उघडा ठेवून पापड मोडायचा, आणि ऐन प्रार्थनेत कुर्रकन आवाज यायचा. त्यावरून याने वडिलांच्या हातचे धपाटेही खाल्लेत.

तिकडे मात्र तो जेवायचा ओट्यापाशी उभा राहून, कानात ते फोनचं बोंडूक घालून, कुणाशी तरी इंग्रजीत बोलत. मी ताट वाढून बसायचे आणि तो हातानेच ‘तू घे’ म्हणून खुणावायचा. पाच आठवडे झाले तरी आम्ही दोघं एका टेबलाला एकदाही बसलो नव्हतो. मला किल्ले नको होते, नदी नको होती. परत जायच्या आत त्याच्यासोबत एकदा जेवायचं होतं, इतकंच. शेवटचा शनिवार पूर्ण तुझा, असा त्याने शब्द दिला होता. शुक्रवारी संध्याकाळी म्हणाला, “आई, उद्या काम आलंय गं. पण तुझ्यासाठी मस्त टूर बुक केलीये. गाईड आहे, सगळं शहर दाखवतील, जागोजागी तिकडचं खाणं. तू बघच.”

मी “बरं” म्हणाले. आयांचं ‘बरं’ मुलांना कधी कळणार देव जाणे.

सकाळी तो मला चौकात सोडून गेला. आम्ही नऊ जण होतो, चार जोडपी आणि मी. गाईड पन्नाशीची बाई, केस बारीक कापलेले, हातात पिवळी छत्री. सहलीला मी शाळेची शिट्टी वाजवायचे तशी ती छत्री वर करायची. चढ तर असे की गुडघे नाव घेऊन ओरडावेत. तिच्याकडच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे घरच्या माणसाचा फोन नंबर होता.

पहिला थांबा एका बेकरीत. बशीत गरम गरम, वरून करपलेल्या सायीसारखी दिसणारी अंड्या-दुधाचं सारण भरलेली मैद्याची गोड वाटी आली. मी सवयीने डोळे मिटले, मान खाली घातली आणि मनात आशीर्वाद मागू लागले. एवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं, मागून खुर्ची सरकवली, तोंडासमोर पाण्याचा ग्लास आला. मला भोवळ आली असं त्या गाईडला वाटलं होतं! काही सांगेपर्यंत तिने मुलाला फोन लावलाही होता आणि माझ्या कानाला दिला होता.

“आई? काय झालं? बस तिथेच, हलू नकोस. मी निघालो, वीस मिनिटांत पोचतो.”

त्याचा आवाज चिरकला होता. शाळेत असताना सायकलवरून पडून रडत घरी आला होता, तेव्हाचा आवाज.

“अरे, काही नाही झालं. प्रार्थना करत होते.”

तो हसला. “आई, तू पण ना! बरं, एंजॉय कर, माझी मीटिंग सुरू आहे.” आणि फोन बंद.

पुढे आम्ही ट्रामने चढावर गेलो, तिथून सगळ्या गावाची लाल कौलं आणि रुंद नदी दिसली. एका दुकानाच्या दारात खारवलेले मासे फळ्यांसारखे रचलेले होते. वास आपल्या बाजारातल्या सुकटीचाच. त्या माशाचे बटाटा घालून केलेले वडे खाल्ले, झकास होते. चेरीची दारू इवल्या पेल्यातून आली, ती मी शेजारच्या म्हाताऱ्याकडे सरकवली. त्याने बायकोचा डोळा चुकवून दोन्ही पेले रिचवले. गाईड शहाणी बाई. आता ती प्रत्येक थांब्यावर माझे डोळे उघडेपर्यंत सगळ्यांना थोपवून धरत होती.

हे सगळं मी गल्लीत सांगते. सांगत नाही ते हे, की त्या बेकरीपासून माझं लक्ष कशातच नव्हतं. ती किल्ल्याचा इतिहास सांगत होती आणि माझ्या डोक्यात घोळत होतं, वीस मिनिटं. कामाला सुट्टी मिळत नव्हती, पण चक्कर म्हटल्यावर वीस मिनिटांत येत होता. जोडपी एकमेकांच्या बशीतलं चाखत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. माझा फोटो गाईडने काढला. त्यात मी पर्स पोटाशी धरून उभी आहे, हरवलेल्या सामानासारखी.

शेवटचा थांबा जेवणाचा होता. छोटी खाणावळ, दोन-दोन खुर्च्यांची टेबलं. चार टेबलांवर चार जोडपी बसली, पाचव्यावर मी आणि समोर रिकामी खुर्ची. बटाट्याचं दाट सार आलं, त्यात बारीक चिरलेली हिरवी भाजी, सोबत मक्याचा पाव. सार पाहून मला आमची शेंगोळी आठवली, कशी तेही सांगता येणार नाही. मी डोळे मिटले.

आशीर्वाद मागून झाला, आमेन झालं. मी डोळे उघडले नाहीत.

“मॅडम?” गाईडने विचारलं. तिने खांद्याला हात लावला. मी आणखी थोडी पुढे वाकले. पोरांनी खोटं पोटदुखीचं सोंग केलं की मी लगेच ओळखायचे, आणि आता साठी उलटल्यावर स्वतः तेच करत होते. मला लाज वाटली. तरी डोळे उघडले नाहीत. तिने फोन लावल्याचं ऐकू आलं.

तो सतरा मिनिटांत आला. धापा टाकत, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. समोरच्या खुर्चीत बसला आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. “आता बरं वाटतंय,” मी म्हणाले. “तू सकाळपासून जेवलायस का?” नव्हता जेवला. मी सार त्याच्याकडे सरकवलं. त्याने चमचा उचलला, परत खाली ठेवला आणि म्हणाला, “थांब, आज मी मागतो.”

त्याने डोळे मिटले. या वेळी एक डोळा मी उघडा ठेवला. मला त्याला बघायचं होतं. कानशिलावरचे केस पांढरे झालेत हे पाच आठवड्यांत मला दिसलं नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला, “हे अन्न आशीर्वादित कर. आणि देवा, माझ्या आईला बरं कर. मला तिच्याशिवाय कोणी नाही.”

आणि मी आमेन म्हणाले.

तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण तो जेवत होता, पाव मोडून माझ्या ताटलीत ठेवत होता, आणि माझी जीभ उचलली नाही. सोमवारी त्याने रजा काढली. मला हवा होता तसा त्याचा अख्खा दिवस मिळाला, दवाखान्याच्या बाकावर. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. सापडणार कुठून? त्याने तरी बीपीचं मशीन आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन बॅगेत भरल्या.

आता तो रोज संध्याकाळी साडेसातला फोन करतो. “किती आलं, आई?” मी आकडा सांगते. तो लिहून घेतो, त्या ताकदीच्या दोन गोळ्यांची आठवण करून देतो, जेवलीस का विचारतो, आणि मीटिंगला जातो. चार मिनिटं होतात. त्या चार मिनिटांसाठी मी दुपारपासून घड्याळ बघते, हेही सांगून टाकते. मग भाकरी-आमटी वाढून घेते आणि एकटीच डोळे मिटते. इथं कितीही वेळ मिटून बसलं तरी कुणी खुर्ची आणत नाही. शेजारीण एकदा दारातून डोकावली आणि “बाई प्रार्थनेला बसल्यात, मागून येते” म्हणत पाय न वाजवता निघून गेली.

परवा ओट्यापाशी खरंच डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला धरून खाली बसले, बराच वेळ उठता आलं नाही. मशीन लावलं तर एकशे सत्तर दाखवत होतं. साडेसातला फोन आला.

“किती आलं, आई?”

“एकशे तीस,” मी म्हणाले. “तू जेवलास का?”