फार पोस्ट

"फार पोस्ट! फार पोस्ट!" असं ओरडून म्हातारा उजवा हात वर करायचा. समोर कोणी खेळत असो वा नसो. मी मांजरांना उरलेलं घालायला बाहेर पडले, तरी कुंपणापलीकडून हात वर. "मावशी, फार पोस्ट!"

रियाधला मुलाकडे राहायला आले तेव्हा शेजारी हा इंग्रज. सत्त्याऐंशी वर्षांचा, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, आणि मला मावशी म्हणायचा. त्याची लेक इथल्या शाळेत शिकवायची, तिच्याकडे असायचा. मराठी कुठून आलं म्हणाल तर खफजीहून. पूर्वी तिथल्या तेलाच्या कामगारांना फुटबॉल शिकवायला आला होता. संघात निम्मे आमचे रत्नागिरीकडचे वेल्डर. त्यांनी कसलं मराठी शिकवलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मावशी, बरी हाय ना? जेवलीस काय, मेल्या?"

सून आत पळाली. मी म्हटलं, "जेवले. आणि बाईला मेल्या म्हणत नाहीत, मेले म्हणतात." त्याने ते खिशातल्या वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं.

आता माणूस मराठी बोलतो म्हटल्यावर 'फार' हा मला आपलाच फार वाटला. फार पोस्ट, म्हणजे पुष्कळ टपाल. म्हातारा टपालाची वाट बघतोय. फाटकापाशी घरोघरच्या पत्रपेट्या होत्या. त्याची मी डोकावून पाहिली, रिकामी. मला कोणाची फारशी दया येत नाही, पण सकाळ-संध्याकाळ ते ओरडणं ऐकवेना. शेवटी नातीच्या वहीतला कागद फाडून लिहिलं, 'साहेबांस, तुम्हाला कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. गुडघ्याला गरम तेल लावा. ओरडू नका, घसा बसेल. पत्र पोचल्याचं कळवा.' आणि पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन म्हातारा दारात. "मावशी, काय हाय हे?" त्याला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि का लिहिलं तेही सांगितलं. हसता हसता तो पायरीवरच बसला. मग आमचेच दोन पेले मागून घेतले, जमिनीवर लांब लांब ठेवले आणि खजुराची बी मधे टाकली.

"हा गोल. हा जवळचा खांब. हा लांबचा. लांबचा म्हणजे फार पोस्ट. इंग्लिश फार! चेंडू इकडे, सगळी इकडे बघतात. मी तिकडे. गुपचूप."

"म्हणजे जन्मभर तुम्ही खांबाशी नुसते उभे राहिलात?"

"होय. आणि त्याचा पगार घेतला."

त्या दिवसापासून तो मला थोडं थोडं सांगत गेला. लढाई संपली तेव्हा तो दुसरी-तिसरीत. बॉम्बने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागेत पोरं चेंडू खेळायची. पंधराव्या वर्षी क्लबात गेला, मोठ्या खेळाडूंचे बूट पुसायला. मग नऊ नंबरचा, म्हणजे गोल मारणाऱ्याचा, शर्ट मिळाला. तेव्हा चेंडू कातड्याचा, पावसात भिजला की वरवंटा. तो वरवंटा याने वर्षानुवर्षं कपाळाने मारला. शनिवारी मैदानभर लोक त्याच्या नावाने ओरडायचे आणि सोमवारी त्याच लोकांबरोबर बसमध्ये उभा राहून तो सरावाला जायचा. गुडघा मोडला, खेळ खलास. मग कोळशाचं दुकान टाकलं, ते चाललं नाही. मग वाळवंट.

हल्ली तो विसरायला लागला होता. डॉक्टर म्हणत, त्या चेंडूंचाच मार. लेकीची नोकरी संपत आली होती, उन्हाळ्यात दोघं कायमची परत जाणार होती. जायच्या आधी त्याला एकच गोष्ट हवी होती. एकदा मैदानात उतरून गोल मारायचा. आमच्या वसाहतीत शुक्रवारी पुरुष खेळतात. लेक नाही म्हणाली.

मी नातीला घेऊन तिच्याकडे गेले. "तिला सांग, पडला तर पडेल. खुर्चीतूनही पडतोच."

"आजी, दॅट्स रूड!"

"रूड तर रूड. मी म्हटलं तसंच सांग."

नातीने काय सांगितलं देव जाणे. लेक कबूल झाली. पाच मिनिटं, आणि चेंडूला डोकं लावायचं नाही.

"डोकं लावलं असतं तर वेल्डर झालो असतो, मावशी," म्हातारा म्हणाला. "पगार जास्त होता."

शुक्रवारी ऊन उतरल्यावर तो लांबच्या खांबाशी जाऊन उभा राहिला. गोलात माझा मुलगा. मिनिटभरात म्हाताऱ्याला सगळे विसरले. तेवढ्यात पलीकडून चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून आला, बरोबर त्याच्या कपाळाच्या उंचीवर. लेक उठून उभी राहिली. म्हातारा किंचित मागे झुकला, चेंडू छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि नडगीने ढकलला. माझ्या मुलाने उडी मारली. चेंडू आत.

आरडाओरडा झाला. म्हातारा मात्र हसेना. सरळ माझ्या मुलापाशी गेला. "सोडलास काय रे, मेल्या?"

"नाही अंकल, कसम से!"

त्याला ते पटलं नाही. माझ्याकडे आला. "मावशी, तू सांग. सोडला त्याने?"

तेव्हाचा त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. मी कोणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, "त्याच्या पँटचा गुडघा बघा. परवाच घेतलीय. सोडणारा माणूस नवी पँट फाडून घेत नाही."

तो परत गेला, वाकला, फाटक्या भोकात बोट घालून पाहिलं. मग दोन्ही हात वर करून जो पळत सुटला! मागे लेक ओरडतेय, तिच्या मागे वसाहतीतली सगळी पोरं.

गोल तीन पावलांवरून झाला होता. इंग्लंडहून पहिला फोन आला तेव्हा त्याच्या तोंडी तो दहा पावलांवर गेला होता. मी म्हटलं, "तीन." तो म्हणाला, "बरं, तीन." पुढच्या फोनला वीस. तेव्हाही मी तीनच म्हटलं.

परवा लेकीने फोन लावून दिला. त्याने मला ओळखलं नाही. माझं मराठी ऐकून त्याचं मराठी मात्र लगेच आलं. "बाई, तुला एक सांगतो. रियाधला मी गोल मारला. अर्ध्या मैदानातून. गोलकीपरची पँट फाटली."

मी म्हटलं, "असं? मग पुढे काय झालं?"