आईचं अर्धं राहिलेलं भाषण

आई हिंदी मुलखातल्या, आम्ही राहायचो त्या राज्याच्या विधानसभेत लघुलेखक होती. सभागृहात जो जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, हे तिचं काम. ठरावीक वेळाने पाळी बदलायची. पुढची लघुलेखक शेजारी येऊन बसली, की बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर असलं तरी उठायचं. त्यामुळे जन्मभर तिने भाषणांचे मधलेच तुकडे ऐकले. "त्या मंत्र्याचं पुढे काय झालं?" असं आम्ही चिडवलं, की म्हणायची, "ते माझ्या पाळीत नव्हतं."

अधिवेशन सुरू झालं की घर बाबांकडे. ते कारखान्यात फोरमन. टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये पहिल्या शिफ्टहून येऊन कणीक मळायला बसायचे. शेजारणी खिडकीतून बघून हसायच्या, त्यांचे नवरे तर जरा जास्तच. बाबा कणीक मळत राहायचे. आईच्या मात्र ते जिव्हारी लागायचं. निवृत्तीच्या दिवशी बाबांबद्दल एक वाक्य चारचौघांत बोलायचं, आणि तेही त्यांच्यादेखत, असं तिने कधीचं ठरवून ठेवलं होतं.

त्या दिवशी बाबांनी हाफ डे टाकला आणि बटण न लागणारा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. समारंभ जेवणाच्या सुट्टीत उरकायचा होता. शाल झाली, श्रीफळ झालं. एक साहेब म्हणाले, "मैडम ने कभी शिकायत नहीं की." घरी या म्हणावं एकदा, असं मला वाटलं. लोक बोलत होते आणि आईचं बोट मांडीवर चालत होतं. स्वतःचा सत्कारसुद्धा ती उतरवून घेत होती.

मग ती उभी राहिली. सगळ्यांचे आभार मानले, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेरे पति ने..."

तेवढ्यात कामकाजाची घंटी वाजली. कुणीही जागचं हललं नव्हतं. आणखी मिनिटभर सगळे थांबले असते. पण आई सवयीने गप्प झाली, कागदाची घडी घातली आणि बाजूला झाली. त्या घंटीचा मला अजून राग येतो.

परतताना स्कूटरवर ती म्हणाली, "अहो, राहिलंच."

"असू दे. घरी सांग."

"घरी काय सांगायचंय? लोकांसमोर सांगायचं होतं."

"मग पुढच्या अधिवेशनात," बाबा म्हणाले. हसले, पण हिरमुसले होते ते.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. शिफ्टहून आले, बूट काढायला बसले ते उठलेच नाहीत.

टाउनशिपच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. खिडकीतून बघणाऱ्या शेजारणी होत्या, त्यांचे नवरे होते. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, तरी आई उभी राहिली. या वेळी ती थांबली नाही.

"मेरे पति ने मुझसे कभी नहीं पूछा कि आज खाना कौन बनाएगा."

सगळ्यांनी ऐकलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं, तेवढे एक नव्हते.