अजून कुत्रा चावलाच नाहीये!

वकील जमले की चहा संपतो, किस्से नाही! त्यात वकील देशोदेशीचे, आयर्लंडचा लॉकडाऊन आणि घरबसल्या अमेरिकन कायद्याचा कोर्स. मग काय विचारता!

बॅचमध्ये मराठी आम्ही दोघीच. मी सँडीफोर्ड उपनगरातली आणि अश्विनीताई नावन गावच्या. पुण्याच्या कोर्टातली चालती प्रॅक्टिस सोडून डॉक्टर नवऱ्यामागे आयर्लंडला आल्या. "इथं मी फक्त 'डॉक्टरांची मिसेस' गं. मला पुन्हा वकील व्हायचंय," असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मला त्या तिथंच आवडल्या.

*

आमच्या प्रोफेसरबाई न सांगता कुणाचंही नाव घेऊन प्रश्न टाकायच्या. ताईंचं नाव आलं आणि कोर्टाच्या सवयीनं त्या ताडकन उभ्या राहिल्या! स्क्रीनवर नुसतं पोट.

"तुमचं डोकं परत आणता का, प्लीज?"

*

बाईंचा नियम एकच: आधी उत्तर, मग कारण. प्रश्न होता, कुत्रा चावला तर मालक जबाबदार का? ताईंनी पक्षकाराच्या पत्त्यापासून सुरुवात केली. मग कुत्र्याची खरेदी, मग कुंपण...

"उत्तर?" बाई कळवळल्या.

"मॅडम, अजून कुत्रा चावलाच नाहीये!"

*

कॉर्कच्या केरन या आयरिश वकिलाला मात्र हा नियम लगेच जमला. आरोपी चोर असो की खुनी, याचं उत्तर तयार, "युअर मॅन इज ग्रँड!" म्हणजे, गडी एकदम चांगला!

"आणि कारण?"

"आह शुअर, ही इज!"

*

ताईंचे सासरे अण्णा, कराडचे निवृत्त वकील, विमानं बंद झाल्यानं नावनमध्येच अडकलेले. अमेरिकन ज्यूरीचं ऐकून ते थक्क झाले. "बारा अनोळखी माणसं एकमतानं निकाल देणार? आमच्या सोसायटीत जिन्याचा रंग ठरंना अजून!"

*

शेवटची परीक्षा म्हणजे तोंडी युक्तिवाद. यात नापास तर कोर्स गेला. बाई न्यायाधीश, केस तीच कुत्र्याची, ताई जखमीच्या वकील.

"मालक जबाबदार का, काउन्सेल?"

ताई कागद चाळू लागल्या. इकडे मला घाम फुटला. तेवढ्यात मागून अण्णा ओरडले, "अगं, बघतीस काय? तारीख माग, तारीख!"

"कोण बोललं?"

"माझे सीनियर," ताई म्हणाल्या. "मुदत मागायला सांगताहेत."

"नामंजूर! उत्तर द्या."

ताईंना हसू फुटलं, आणि हसतच त्या म्हणाल्या, "मालक जबाबदार आहे, कारण कुत्रा आधीही चावला होता आणि त्याला ते ठाऊक होतं."

"उत्तम! पास, काउन्सेल."

माझे तर डोळेच भरून आले. अण्णा मात्र हादरले होते.

"एकही तारीख न पडता संपलं? अगं, पक्षकाराला काय वाटंल!"