मुठीतली नळी

मासळीबाजारात बर्फ फोडण्याचा आवाज आला की मांडवीच्या मासे विकणाऱ्या त्या मावशी आठवतात. डोळे पिवळे झाले म्हणून त्या काविळीचं झाडपाल्याचं औषध घेत राहिल्या, आणि थकवा वाढतच गेला. आमच्या एसीतल्या लॅबमध्ये त्यांच्या रक्ताच्या नळीत बारीक गुठळ्या दिसल्या. मी नळी मुठीत धरून बसले, तर ऊब लागून रक्त पुन्हा एकसारखं झालं. पुढच्या तपासणीत कळलं, त्यांचं शरीर आपल्याच तांबड्या पेशी मोडत होतं, डोळे त्यामुळेच पिवळे झाले होते, आणि गारठ्याने हे मोडणं वाढत होतं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, यापुढे बर्फात हात घालायचा नाही." निळसर बोटं पदरात गुंडाळत त्या म्हणाल्या, "मग म्हावरं काय उन्हात ठेवू?" आता बर्फातली सुरमई सून काढते, मावशी नुसती पिशवी देतात. काल पिशवी घेताना त्यांची बोटं हाताला लागली. कोमट होती.