उपासाला चालणारी गोळी

औषधाला एक्स्पायरी असते, किश्शाला नसते. त्यामुळे इथे परदेशात, हेन्डरसन उपनगरातल्या आमच्या फार्मसीत किस्सेच जास्त साठलेत. शेजारच्या क्लिनिकचे डॉक्टर ग्रेग यांनी आमच्याशी लेखी करार केला, तेव्हापासून तर आवकच वाढली. करार साधा. रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्यांच्या बोटाच्या थेंबातून रक्त किती पातळ आहे तो आकडा मी काढायचा आणि ठरलेल्या मर्यादेत डोसही मीच बदलायचा.

पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "म्हणजे तू आता डॉक्टर?"

"नाही गं, फार्मसिस्टच."

"मग लोकांना नवीन काय सांगू?"

*

ट्रेव्हर हा जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत येणारा रिटायर्ड बस ड्रायव्हर. एकदा त्याचा आकडा एकदम घसरला. चौकशी केली, तर गडी तब्येत सुधारायला अवोन्डेलच्या संडे मार्केटातून पोतंभर पालक आणून सकाळ-संध्याकाळ तोच खात होता. पालेभाजी अशी अचानक वाढली की ही गोळी कमी पडते. "खा, पण रोज थोडी," मी म्हटलं. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम मस्त', म्हणाला आणि उरलेलं पोतं मलाच देऊन गेला.

आठवडाभर आमच्याकडे पालक. शेवटी नवऱ्याने विचारलं, "त्या करारात माझ्यासाठी काही मर्यादा नाहीये का?"

*

फ्लॅट बुशला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी प्रसाद वाटत होते. मोहिते काकूंनी तळहाताऐवजी एक बोट पुढे केलं. "आहेसच समोर, तर टोचून घे."

*

आपटे काकांनी मात्र माझी झोप उडवली. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप. तिथे रक्ताची गुठळी झाली तर खेळ खलास. आणि आकडा कधी वर, कधी खाली. मी डोस वाढवला की चढायचा, कमी केला की कोसळायचा. मला खरंच भीती वाटायला लागली.

शेवटी विचारलं, "काका, काल गोळी घेतलीत?"

"काल चतुर्थी होती. उपासाला गोळी कशी चालेल?"

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. सगळा हिशोब लागला.

काकू शेजारीच होत्या. "साबुदाण्याची खिचडी दोनदा चालते. गोळीनेच मेला उपास मोडतो."

काका हटेनात. "डॉक्टरांनी सांगितलं तर घेईन. तू दुकानातली."

मी डॉक्टर ग्रेगना स्पीकरवर घेतलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "गोळी रोज घ्यायचीच. पण उपासाचं मला काही कळत नाही. ते तिचं खातं."

मी पिवळं लेबल काढलं, त्यावर 'उपासाला चालते' असं लिहिलं आणि बाटलीवर चिकटवलं. काकांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि बाटली खिशात टाकली. तेव्हापासून आकडा जागेवर आहे. तो पहिल्यांदा जागेवर आला, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी मीच खिचडी केली.

परवा डॉक्टर ग्रेगचा फोन. "किया ओरा. आपट्यांना मी ब्लड प्रेशरची नवी गोळी लिहून दिलीय. पण ते घ्यायला तयार नाहीत."

"का?"

"म्हणतात, तुमचं ठीक आहे हो, पण आधी तिला लेबल लावू दे."