तीन गोल खाऊन आमच्या पोरी जिंकल्या!

बायांनो, भावांनो, माहा जीव अजून ठिकाणावर नाही! आज तिरोड्याले माह्या नातीची, रेश्माची, फुटबॉलची फायनल होती. मी पण गेली. डबा घरीच विसरली, जाऊ द्या.

अर्ध्या खेळात आमच्यावर तीन गोल. आमचा एकही नाही. मंग पावसाचं पाणी आलं अन् मैदानाची पार चिखलानं भरलेली धानाची बांधी झाली. आमच्या पोरीईनं रेफरीले विचारून बूटच काढले. अन् धानाची रोपं लावताना, रोवणीच्या चिखलात चालतात तशा पळाल्या! समोरच्या घसरून राहिल्या, आमच्या गोल मारून राहिल्या. चार मारले!

येताना जीपमध्ये भांडण. शेजारचे बाबुराव म्हणे, "पाण्यानं जिंकवलं. सुकं असतं तं हारल्या असत्या."

त्याची बायको म्हणे, "पाणी तं दोन्हीकडं पडलं नं जी! मंग त्या काऊन नाही जिंकल्या?"



जनमभर रोवणी केली, पण चिखलातले पाय असे उडतात हे मले आज दिसलं. घरी आल्यावर रेश्माचे पाय धुतले अन् हात जोडले. पोरगी ओरडली, "आजी, काय करून राहिली!"

सांगा आता, पाणी जिंकलं का पाय?