चुकीआधीची शिट्टी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका निकामी ट्रॅफिक पोलीस अख्ख्या बंगलोरात झाला नाही, असं त्यांचे साहेब म्हणत. आणि त्यांच्याइतका चांगला दुसरा झाला नाही, असं मी म्हणतो. गंमत म्हणजे दोघांकडे पुरावा एकच होता. मल्लेश्वरममधल्या ज्या सर्कलला भावजी हेड कॉन्स्टेबल म्हणून उभे राहत, तिथे कुणी सिग्नल तोडतच नसे. त्यामुळे त्यांचं पावतीपुस्तक महिना उलटला तरी कोरं करकरीत राही.

हे सगळं त्यांच्या शिट्टीमुळे. बाकीचे पोलीस चूक झाल्यावर शिट्टी फुंकतात, भावजी चूक होण्याआधी फुंकत. त्यांचं म्हणणं असं, की सिग्नल तोडणारा माणूस दिव्याकडे बघतच नाही, तो पोलीस कुठे आहे ते बघतो. ती नजर भिरभिरली रे भिरभिरली की शिट्टी वाजलीच! मग पोट सावरत, तिकडच्या पोलिसांची ती एका बाजूने दुमडलेली टोपी नीट करत ते त्या स्कूटरवाल्यापाशी जात आणि पाहुण्याला चहाला थांबवावं तशा सुरात म्हणत, "स्वल्प निल्री, सार." जरा थांबा, साहेब. माणूस ओशाळून थांबे. ही खोड त्यांनी घरीही आणली होती. अक्काचं दूध उतू जायच्या आत बाहेरच्या खोलीतून शिट्टी. माझा हात तिसऱ्या जिलबीकडे वळायच्या आत शिट्टी, कारण माझ्या साखरेची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. एका पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आतच कुणीतरी हार घेऊन पुढे सरकलं, भावजींनी सवयीने शिट्टी फुंकली, आणि वाजंत्र्यांना ती खूण वाटून त्यांनी सनई-चौघडा सुरू केला. अंतरपाट तसाच धरलेला, भटजी तोंड उघडं टाकून उभे, आणि भावजी अक्काच्या मागे लपायला जागा शोधताहेत. त्यांच्या देहाला अक्का पुरत नसे.

नव्वद साल उलटलं आणि शहरात गाड्या बेसुमार वाढल्या. नवे साहेब आले. रोज संध्याकाळी ठाण्यातल्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्या दिवशीच्या केसेस लिहिल्या जाऊ लागल्या. भावजींच्या नावापुढे शून्य. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या सर्कलला माणसं येत नाहीत, देव येतात का?" भावजी म्हणाले, "माणसंच येतात, सार. पण थांबतात." यावर त्यांना मेमो मिळाला. आधी बढती अडली, तिचं त्यांना काही वाटलं नाही. मग हुकूम आला: सिग्नलच्या पुढच्या झाडाआड उभं राहायचं, माणूस चुकेपर्यंत हूं की चूं करायचं नाही, आणि आकडा भरला नाही तर सर्कल काढून घेणार. त्या दिवशी मात्र भावजी जेवले नाहीत. अठरा वर्षं उभं राहिलेल्या जागेचा लळा लागतो माणसाला.

पहिले काही दिवस त्यांना लपणं जमेना. झाडाच्या एका बाजूने पोट दिसे, दुसऱ्या बाजूने टोपी. दूधवाला, शाळेच्या बाई, सगळे झाडापाशी थांबून विचारत, "काय अण्णा, उन्हाचा त्रास होतो का?" तरी शिट्टी ओठाशी जायचीच. शेवटी त्यांनी ती खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

त्याच आठवड्यात मला कारखान्यात जायला उशीर झाला होता. सर्कलला दिवा लाल. मी सवयीने भावजींना शोधलं. ते दिसले नाहीत, म्हणून स्कूटर दामटली. बाजूने टेम्पो येत होता. पडलो तेव्हा एवढंच दिसलं, की झाडामागून भावजी धावत येताहेत, आणि त्यांच्या डोक्यावर टोपी नाही.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. इस्पितळात त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी म्हणालो, "भावजी, लाल दिवा मी तोडला. पावती फाडा माझ्या नावाची." ते कॉटच्या कडेला बसले. "तू मला शोधत होतास," ते म्हणाले. "मला दिसलं रे. शिट्टी खिशात होती." आणि तो एवढा मोठा माणूस माझ्या चादरीत तोंड खुपसून रडला.

त्या संध्याकाळी त्यांनी एकच पावती लिहिली. आरोपी म्हणून स्वतःचं नाव. गुन्हा: दिसत असून गप्प उभा राहिला. खाली पोलीस म्हणून सही आणि आरोपी म्हणूनही सही. साहेबांनी ती मागे घ्यायला सांगितलं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला "सरी, सार", म्हणजे बरं साहेब, म्हणणाऱ्या भावजींनी तेवढ्यालाच नाही म्हटलं. सर्कल गेलं. कागदपत्रांच्या खोलीत गठ्ठे बांधत ते निवृत्त झाले.

घरातही शिट्टी परत वाजली नाही. दूध उतू जायचं, अक्का ओटा पुसायची. चूक माझीच होती, हे मी त्यांना नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. ते मान डोलवत आणि माझ्या लंगडणाऱ्या पायाकडे बघत. ते जाण्याआधीच्या दिवाळीत आम्ही शेजारी शेजारी फराळाला बसलो होतो. मी मुद्दाम तिसऱ्या जिलबीकडे हात नेला आणि चोरासारखं त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ती नजर कळली. मी हात तसाच धरून थांबलो, बराच वेळ.

भावजींनी ताटली माझ्याकडे सरकवली. "घे," ते म्हणाले.